मुंबईची रेकॉर्ड, अमेरिकेतली सीडी: हरवलेलं संगीत परत येतं कसं?

नाटकवेड्या मराठी घरांत आत्माराम भेंडे हे नाव नव्याने सांगावं लागत नाही. ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलेल्यांना त्यांचा मुलगा नंदू भेंडेही आठवत असेल. पण हेच नंदू भेंडे सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका इंग्रजी रॉक बँडचे गायक होते, हे तुमच्या घरात किती जणांना माहीत आहे?

त्या बँडचं नाव ॲटॉमिक फॉरेस्ट. त्यांची एकच एलपी निघाली, ‘ऑब्सेशन ७७’. नावात ७७ असलं, तरी ती बाजारात आली १९८१ मध्ये. तोपर्यंत बँड फुटला होता आणि मुलं आपापल्या कामाला लागली होती. रेकॉर्ड आली आणि विस्मरणात गेली. मग तीस वर्षांनी, २०११ मध्ये, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरातल्या नाऊ अगेन नावाच्या छोट्या कंपनीने या बँडचं संगीत सीडी आणि एलपीवर पुन्हा काढलं. सोबत आधी कधीच प्रसिद्ध न झालेलं ध्वनिमुद्रणही होतं.

आपल्या मुंबईची रेकॉर्ड आपल्याला परत मिळाली, ती सातासमुद्रापारहून. असं का झालं? आणि याचा तुमच्या-माझ्या घरातल्या जुन्या कॅसेटच्या खोक्याशी काय संबंध? तेच आज पाहू.

आधी थोडं लखनौ

तुम्ही लखनौत राहत असाल, तर भातखंड्यांचं नाव तुमच्या कानावरून रोज जात असेल. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज तेच भातखंडे संस्कृती विद्यापीठ. मुंबईने लखनौला संगीत शिकवायची शाळा दिली, असं आपण मराठी माणसं अभिमानाने सांगतो.

लखनौनेही एक परतफेड केली आहे, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. १४ ऑक्टोबर १९४० रोजी लखनौच्या किंग जॉर्ज रुग्णालयात हॅरी वेब नावाचं एक बाळ जन्मलं. १९४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि पुढे तो मुलगा क्लिफ रिचर्ड या नावाने जगप्रसिद्ध झाला. साठच्या दशकात मुंबई-कोलकात्यात ज्या पोरांनी गिटार हातात घेतली, त्यांतली कितीतरी पोरं आधी क्लिफ रिचर्ड आणि त्याच्या शॅडोज बँडची गाणीच वाजवत होती. मग बीटल्स आले आणि मुलांचे बँड गल्लोगल्ली निघू लागले.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. परदेशी गिटार आणायची तर परकीय चलन मिळत नसे आणि मिळालंच तर जकात भारी. म्हणून अँप्लिफायर घरी जोडायचे, गिटारी स्थानिक कारागिराकडून करून घ्यायच्या. गाण्याचे शब्द कुणाकडे तरी परदेशातून आलेली रेकॉर्ड पुन्हापुन्हा वाजवून कागदावर उतरवायचे. सिमला सिगारेटच्या कंपनीने या हौशी बँडसाठी ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा ठेवली. तिच्यातल्या बँडच्या दोन एलपी १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. त्याही पुढे परदेशातच सीडीवर आल्या.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय?

नाव जड वाटतं, पण गोष्ट सोपी आहे. तीन मिनिटांचं नाचायचं गाणं बाजूला ठेवून काही बँडनी लांब रचना करायला सुरुवात केली. त्यात शास्त्रीय संगीत आलं, जॅझ आलं, कथा आली. पिंक फ्लॉइड, किंग क्रिम्सन, यस, जेथ्रो टल ही यातली मोठी नावं. विलंबित ख्याल ऐकताना जसं आपण घड्याळ बाजूला ठेवून बसतो, तसंच हे ऐकावं लागतं.

जेथ्रो टलचा १९७२ चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ घ्या. अख्खा अल्बम म्हणजे एकच रचना, चाळीस मिनिटांहून मोठी. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटं मावतात. म्हणजे मध्येच उठून रेकॉर्ड उलटावी लागायची. ८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात तब्बल ७४ मिनिटं मावत होती. ही रचना पहिल्यांदाच मध्ये न थांबता ऐकता आली. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांना सीडी इतकी का आवडली, याचं हे एक साधं कारण.

ॲटॉमिक फॉरेस्टचं संगीत या प्रकाराच्या शेजारचं, सायकेडेलिक रॉक म्हणतात ते. घोगऱ्या आवाजाची गिटार, ऑर्गनसारखा कीबोर्ड आणि पायाने ठेका धरायला लावणारे ड्रम. कीथ कांगा बास वाजवायचे, नील चट्टोपाध्याय गिटार, व्हॅलेंटाइन लोबो ड्रम. एक पारशी, एक बंगाली, एक ख्रिश्चन आडनाव आणि सोबत गाणारा मराठी भेंडे. तेव्हाची मुंबई या चार नावांतच कळते.

जुडास ते ‘डिस्को डान्सर’

नंदू भेंडे यांची वाटचाल पाहिली, तर एक माणूस किती घरांत राहू शकतो ते दिसतं. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक केलं, त्यात ते जुडास होते. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं आणि जब्बार पटेल यांनी ते बसवलं. त्यात नंदू भेंडे मराठी प्रेक्षकांसमोर पाश्चात्त्य बाजाची गाणी मराठीतून गायले. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधल्या ‘कृष्णा धरती पे आजा तू’ या गाण्यातला आवाजही त्यांचाच. ते गाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल, गायकाचं नाव कदाचित लक्षात राहिलं नसेल.

सिनेमातलं गाणं टिकलं, कारण ते लाखो घरांत पोचलं होतं. नाटक लोकांच्या आठवणीत राहिलं. रॉक बँडची एलपी मात्र थोड्याच प्रतींत निघालेली. अशी गोष्ट टिकायची तर कुणीतरी एक प्रत जपून ठेवावी लागते आणि आणखी कुणालातरी तिचं मोल कळावं लागतं.

दुसरी गोष्ट, तीही मुंबईचीच

चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले वादक. गिटार, बास, कीबोर्ड, मोठमोठ्या संगीतकारांच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी सगळं वाजवलं. १९८२ मध्ये त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. रोलंड कंपनीची तीन नवी जपानी यंत्रं, एक सिंथेसायझर, एक ठेक्याचं यंत्र आणि एक बासचं यंत्र, समोर मांडली आणि भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. अल्बमचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. एचएमव्हीने तो काढला. खप फारसा झाला नाही. राग ऐकणाऱ्यांना तो डिस्को वाटला असणार आणि डिस्कोवाल्यांना राग.

वीस वर्षांनी एडो बाउमन या डच संग्राहकाला ही रेकॉर्ड दिल्लीत सापडली. ऐकून तो चक्रावला. १९८७ मध्ये शिकागोत ‘ॲसिड हाउस’ नावाचं यंत्रसंगीत जन्मलं असं जग मानत होतं. त्याच यंत्रांतून तसाच आवाज मुंबईतल्या एका माणसाने पाच वर्षं आधी काढला होता. बाउमनने चरणजित सिंग यांचा मुंबईत शोध घेतला, त्यांना भेटला आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर तो अल्बम पुन्हा काढला. त्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंगना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. नातवंडांच्या वयाची पोरं त्यांच्या यमनवर नाचली.

आता या तारखा शेजारी ठेवा. चरणजित सिंग यांचा अल्बम २०१० मध्ये पुन्हा आला आणि जुलै २०१५ मध्ये ते गेले. ॲटॉमिक फॉरेस्टची सीडी २०११ मध्ये आली आणि एप्रिल २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. त्यांच्या मागोमाग, फेब्रुवारी २०१५ मध्ये, आत्माराम भेंडेही. दोन्ही वेळा दाद वेळेत पोचली, पण थोडक्यात. शोधणारा आणखी पाच वर्षं उशिरा आला असता, तर दार उघडायला ते वादक नसते. कोणतं वाद्य कुणी वाजवलं, कुठे वाजवलं, त्या दिवशी काय झालं, हे सांगायलाही कुणी नसतं.

पुन्हा काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी हक्क. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८१ ची रेकॉर्ड २०४१ संपेपर्यंत कुणाची तरी मालमत्ता आहे. मूळ कंपनी विकली गेलेली असते, कागद सापडत नाहीत, वादकांचे पत्ते बदललेले असतात. बरेच अल्बम इथेच अडकतात.

मग शोध मूळ टेपचा. स्टुडिओत पहिल्यांदा जी चुंबकीय टेप भरते, तिच्यात सगळ्यात स्वच्छ आवाज असतो. ती कुठेतरी गोदामात पडलेली असते आणि कधीकधी हरवतेही. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. किंग क्रिम्सनचा १९६९ चा पहिला अल्बम प्रोग्रेसिव्ह रॉकचा पाया मानला जातो. त्याचीही मूळ टेप चुकीच्या जागी ठेवली गेली आणि तीस वर्षांहून अधिक काळ हरवलेली मानली गेली. ती सापडल्यावर २००४ मध्ये तिच्यावरून नवी सीडी निघाली. तोवर चाहते प्रतींच्या प्रतींवरून काढलेला आवाज ऐकत होते. पुढे २००९ मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने त्याच अल्बममधली वाद्यं वेगवेगळी काढून पुन्हा नव्याने मिसळली.

टेप सापडली तरी लगेच वाजवता येते असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपचा लेप ओलावा पिऊन चिकट होतो. वाजवायला गेलं तर लेपच निघून येतो आणि आवाज कायमचा जातो. अशा वेळी तंत्रज्ञ ती टेप खास भट्टीत पन्नासएक अंशांवर काही तास मंद भाजतात. ती थोड्या काळापुरती बरी होते, तेवढ्यात तिची डिजिटल प्रत काढून घेतात. आपल्या पावसाळ्यात भाकरीला बुरशी येते, तशी ती टेपलाही येते.

टेप नसेलच, तर चांगल्या अवस्थेतली एलपी शोधून तिच्यावरूनच आवाज घेतात. चरचर आणि टकटक संगणकावर हलक्या हाताने काढतात. हात जड पडला तर चरचरीबरोबर झांजेचा नादही जातो. शेवटी पुस्तिका: जुने फोटो, वादकांच्या मुलाखती, कुणी काय वाजवलं याची नोंद. चांगल्या पुनर्प्रकाशित सीडीची निम्मी किंमत या पुस्तिकेत असते. फोनवर गाणं ऐकताना नेमकी हीच माहिती आपल्याला मिळत नाही.

हे सगळं करायला पैसा लागतो आणि विकत घेणारा गिऱ्हाईक लागतो. मुंबईच्या काळा घोड्याचं ‘रिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झालं. तिथे तासन्‌तास रेकॉर्डी चाळणाऱ्या पिढ्या तुमच्या घरातही असतील. दुकानं गेली, सीडी प्लेअर अडगळीत गेले. त्यामुळे अशा अल्बमचा गिऱ्हाईक जगभर विखुरलेला असतो आणि त्याच्यापर्यंत पोचणारी छोटी लेबलं बहुतेक परदेशातच असतात.

आता तुमच्या घराकडे वळू

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे रॉक बँड होता? नसेल. पण एक खोकं नक्की असेल. त्यात आजीच्या ओव्या असतील, आजोबांचं भजनी मंडळ असेल, बाबांनी १९९१ च्या गणेशोत्सवात गायलेलं भावगीत असेल, तुमचे बोबडे बोल असतील. ॲटॉमिक फॉरेस्टच्या निदान काही प्रती जगात होत्या. तुमच्या खोक्यातल्या कॅसेटची प्रत एकच आहे. ती शोधत लॉस एंजेलिसहून कुणी येणार नाही.

म्हणून एवढं करा:

१. आधी यादी. खोकं उघडा आणि प्रत्येक कॅसेट, एलपी, सीडीवर काय आहे ते वहीत लिहा. ‘मिक्स’ किंवा ‘जनरल’ लिहिलेल्या कॅसेटवरच बहुतेक खजिना असतो.

२. घरगुती ध्वनिमुद्रणाला पहिला मान. लताबाईंची कॅसेट दुसरीकडे मिळेल. आजीचा आवाज मिळणार नाही.

३. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून. वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या तोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी दबत नाही. टेप सैल असेल तर जुना उपाय आहेच, पेन्सिल घालून फिरवा. टेप चिकट किंवा बुरशीची वाटली तर वाजवू नका आणि घरच्या ओव्हनचे प्रयोग तर अजिबात नको. जाणकाराकडे द्या.

४. संगणकावर घ्या. चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर, हेडफोनच्या खाचेतून संगणकाला जाणारी वायर आणि ऑडेसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. मूळ प्रत ‘वेव्ह’ फाइलमध्ये ठेवा. एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे एका तासाला ६०० एमबी. नातेवाइकांना पाठवायला तिचीच छोटी एमपीथ्री करा.

५. दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. घरी भरलेल्या सीडीवर विसंबू नका, त्यांच्यावरचा रंग काही वर्षांत विटतो.

६. एलपी उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या तर वाकतात. उन्हापासून लांब, कडेने धरायच्या. सीडी पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नको. तिची नाजूक बाजू छापील नावाची आहे, कारण आरशासारखा थर त्याच्याच लगेच खाली असतो. त्यावर बॉलपेनने लिहू नका.

७. नावं विचारून घ्या. हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात तातडीचं. कॅसेट वाजवा, शेजारी आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना बसवा आणि विचारा: हा आवाज कुणाचा? पेटीवर कोण आहे? कुठल्या घरात भरलं हे? मागे खोकतंय कोण? ते सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करा. आवाज यंत्र जपेल, पण तो कुणाचा हे माणसालाच सांगावं लागतं.

आणि एक लक्षात असू द्या. विकत घेतलेल्या अल्बमची प्रत स्वतःपुरती जपणं वेगळं आणि ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्कदाराची परवानगी लागते. घरच्या माणसांचे आवाज मात्र तुमचेच आहेत, तेही घरच्यांना विचारूनच बाहेर द्या.

ॲटॉमिक फॉरेस्ट आणि चरणजित सिंग यांचं संगीत ऐकायचं असेल, तर फोनवर त्यांची नावं शोधा. आधी यमन लावा, घरातल्या ज्येष्ठांना राग ओळखायला सांगा आणि ठेका सुरू झाला की त्यांचा चेहरा बघा. मग येत्या रविवारी खोकं खाली काढा. सगळं एका दिवसात होणार नाही. एक कॅसेट, एक तास आणि शेजारी बसलेलं घरातलं एक मोठं माणूस, सुरुवातीला एवढं पुरे.